दहा नंबरची मशीन

मिल बंद झाल्यावर बाबांना घरात नीट बसताच येईना. खुर्ची दारापाशी टाकायचे, थोड्या वेळानं उचलून आत आणायचे, पुन्हा बाहेर न्यायचे. सगळी नोकरी स्पिनिंग खात्यात उभ्यानं केलेली. शिवाय आजोबा महूच्या छावणीत फौजी होते, त्यामुळे सकाळी लवकर तयार होण्याची शिस्त अंगात मुरलेली. पहिल्या पाळीच्या वेळेला बाबा आंघोळ करून, शर्ट खोचून, केस बसवून तयार व्हायचे आणि मग कुठेच जायचे नाहीत. मी तेव्हाच ऑफिसला निघायचे. ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे, जशी काही मीच त्यांची पाळी उचलून चालले आहे.

“निघाली का मशीनवाली?” ते विचारायचे.

“बाबा, कॉम्प्युटर वेगळा, तुमच्या मिलच्या मशीना वेगळ्या.”

“कुठं वेगळ्या? माणूस काढायचं काम सगळ्याच करून राहिल्यात.”

एम.सी.ए. करायला मला त्यांनीच पाठवलं होतं. पण मिलला कुलूप लागलं आणि त्याच सुमारास मला नोकरी लागली, हे दोन्ही एकाच घरात घडणं त्यांना सहन होत नव्हतं. मलाही त्यांचं ते बघणं सहन होत नव्हतं. मी डबा घ्यायचे आणि उत्तर न देता नगर सेवेच्या बसस्टॉपकडे चालू लागायचे.

ऑफिस म्हणजे ए.बी. रोडजवळच्या एका गल्लीतला दुसरा मजला. खाली टाइल्सचं दुकान, वर आम्ही पाच-सहा माणसं. एसी फक्त कॉम्प्युटरच्या खोलीला, त्यामुळे सगळे काही ना काही निमित्त काढून तिथंच बसायचे. मालक इंदूरचाच, पण अमेरिकेत काही वर्षं राहून आलेला. आम्ही त्याला सर म्हणायचो. उंच, देखणा, इंग्रजी फाडफाड. सरकारनं बाजार खुला केला, आता सगळं बदलणार, इंदूरमधून जगाला सॉफ्टवेअर विकायचं, असं तो रोज कोणाला तरी फोनवर सांगायचा. आमच्याशी मात्र हिंदीत बोलायचा, आणि तेही अर्धं वाक्य. उरलेलं आम्ही समजून घ्यायचं.

आमचं सॉफ्टवेअर एकच होतं. कारखान्यात, ऑफिसात कॉम्प्युटर एकमेकांना वायरनं जोडलेले असतात. त्या वायरीतून जो मजकूर जातो तो छोट्या-छोट्या पुड्यांमध्ये बांधून जातो. त्या पुड्यांना पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. आमचा प्रोग्राम वायरीवर कान लावून बसायचा, जाणारं प्रत्येक पॅकेट फाइलमध्ये उतरवून घ्यायचा, आणि नंतर ती फाइल वाचून सांगायचा की कोणती मशीन किती बोलते. फाइल वाचायचा भाग सरांनी स्वतः लिहिला होता आणि त्याला हात लावायची कोणालाही परवानगी नव्हती. माझ्याकडे वरचं काम: रिपोर्ट, चित्रं, उभे-आडवे पट्टे.

पहिला मोठा ग्राहक मिळाला तो सांवेर रोडवरचा सोयाबीनचा कारखाना. तेल काढायचे, पेंड परदेशात पाठवायचे. तिथं दुपारी रोज नेटवर्क अडकायचं. कॉम्प्युटरचे पडदे गोठायचे, वजनाच्या पावत्या अडकायच्या आणि गेटवर ट्रॅक्टरांची रांग लागायची. आणि मॅनेजरला दुसराही एक संशय होता. सोयाबीनचा खरेदीभाव ते सकाळी ठरवायचे, आणि तो मंडीतल्या व्यापाऱ्यांना आधीच कळलेला असायचा. आतलं कोणीतरी फोडतंय, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

सरांनी दोन ठिकाणी कान लावला. फॅक्टरीच्या बाजूला एका साध्या पीसीवर, आणि ऑफिसच्या बाजूला त्यांच्या मोठ्या सर्व्हरवर. आठवडाभराच्या फाइली आमच्याकडे आल्या. मी रिपोर्ट काढला. सरांनी सांगितलेलं होतं की सेठ लोकांना समजेल असं पाहिजे, लांबलचक पत्ते नकोत. म्हणून मी पत्त्याचा फक्त शेवटचा आकडा दाखवत होते, कारखान्यात सगळे मशीनला त्याच नंबरानं ओळखायचे. रिपोर्टमध्ये बाकी सगळ्या मशीनचे पट्टे बोटभर, आणि दहा नंबरचा पट्टा कागदाच्या टोकापर्यंत.

दहा नंबरवर कोण बसतं हे मला माहीत नव्हतं. सरांनी कागद घेतला, खूश झाले, आणि स्वतः गाडीनं जाऊन देऊन आले.

काही दिवसांनी मी संध्याकाळी घरी आले तर बाबा दारातच उभे. खुर्ची नाही, काही नाही. आत काका बसलेले.

काका म्हणजे आमच्या गल्लीतले, बाबांच्याच मिलमध्ये टाइम ऑफिसला क्लार्क होते. मिल बंद झाल्यावर सगळे हात-पाय हलवत होते, त्यात काकांना लवकर नोकरी मिळाली. कॉम्प्युटर शिकले, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला, आणि सांवेर रोडला एका कारखान्यात हिशेब विभागात लागले. कोणता कारखाना, मी कधी विचारलं नव्हतं. एरवी ते आले की दारातूनच मोठ्यांदा जय भीम म्हणायचे, मला “काय इंजिनिअरसाहेब” म्हणून चिडवायचे. त्या दिवशी त्यांनी मान वर केली नाही.

“त्यांना काढलं,” बाबा म्हणाले. “चोर म्हणून. भाव फोडतो म्हणून.”

“कोणी म्हटलं?”

“तुझ्या कंपनीनं. कागद दाखवला त्यांना. वर नाव आहे तुझ्या कंपनीचं. लांबच लांब पट्टा, म्हणे दहा नंबरचा. दहा नंबर याचीच मशीन, एवढं बोलते म्हणजे भाव तिथूनच बाहेर जातो, म्हणे.”

तो पट्टा मी काढला होता, त्याचा निळा रंगसुद्धा मीच निवडला होता.

काका पहिल्यांदा बोलले. आवाज शांत, पण माझ्याकडे बघत नव्हते. “मी मॅनेजरला म्हटलं, साहब, मैं तो दिनभर सिर्फ व्हाउचर भरता हूं. तो म्हणाला, मशीन झूठ नहीं बोलती. सगळ्यांसमोर म्हणाला. गेटवर पिशवी तपासली माझी. डबा उघडून बघितला.”

“आणि शनिवारचं सांग,” बाबा म्हणाले.

“शनिवारी मी गेलोच नव्हतो. सुट्टी टाकली होती. मिलच्या मशीना तोडून भंगारात चालल्या होत्या, तर सगळे जुने लोक गेटवर जमले होते. तुझे बाबा अन् मी सकाळपासून तिथंच होतो. माझी मशीन बंद. पण त्या कागदावर शनिवारीही पट्टा आहे.”

“माझ्याबरोबर उभा होता हा,” बाबा माझ्यावर ओरडले. “आमच्या डोळ्यांसमोर स्पिनिंगच्या मशीना घणानं फोडत होते, आणि तुझी मशीन तिकडं याला चोर ठरवत होती!”

मी म्हटलं, मी तपासते. बाबा म्हणाले, आता तपासून काय करणार. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दोघांनाही गप्प बसायला सांगून पुन्हा आत गेली. चहा कोणी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमध्ये मी सर येण्याआधी पोचले. शनिवारच्या फाइली काढल्या आणि दोन्ही बाजूंचा रिपोर्ट वेगवेगळा काढला. ही साधी गोष्ट आधी कोणी केली नव्हती, आम्ही नेहमी सगळं एकत्रच काढायचो. फॅक्टरीकडच्या पीसीच्या फाइलमध्ये नेहमीसारखे सगळे नंबर होते, आणि दहा नंबर कुठंच नव्हता. सर्व्हरच्या फाइलमध्ये फक्त दहा नंबर होता. दुसरी एकही मशीन नाही. ऑफिसच्या पूर्ण इमारतीत जणू एकच मशीन चालू, आणि तीही नेमकी बंद असलेली.

मग मी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि फाइलचे कच्चे आकडे पडद्यावर मांडले. तिथं सगळं सरळ होतं. पत्ते चार आकड्यांचे असतात. त्या कारखान्यात सगळ्यांचे पत्ते दहानं सुरू व्हायचे: दहा, एक, एक, चार. दहा, एक, एक, सात. आमचा प्रोग्राम ते उलटे वाचत होता: चार, एक, एक, दहा. सात, एक, एक, दहा. शेवटचा आकडा घेतला की प्रत्येक मशीन दहा नंबर.

असं का होतं, ते सांगते. मोठा आकडा साठवताना काही कॉम्प्युटर त्याचा मोठा भाग आधी ठेवतात, काही लहान भाग आधी. कोणी तारीख वर्षापासून लिहितं, कोणी दिवसापासून, तसंच. आमचे पीसी एका पद्धतीचे, कारखान्याचा सर्व्हर दुसऱ्या. म्हणून फाइलच्या सुरुवातीलाच एक ठरलेला आकडा खुणेसाठी लिहितात. तो उलटा दिसला तर समजायचं की ही फाइल दुसऱ्या पद्धतीच्या मशीननं लिहिली आहे, तिच्या नोंदी उलटून वाचा. पण उलटायच्या त्या फक्त नोंदी. पॅकेट किती वाजता आलं, किती लांब होतं, एवढंच. पॅकेटच्या पोटातला मजकूर कोणत्याही मशीनवर पकडा, तो वायरीच्या नियमानं लिहिलेला असतो, आणि वायरीचा नियम सगळीकडे एकच. सरांनी खूण उलटी दिसली की सरसकट सगळंच उलटून टाकलं होतं, पोटातल्या पत्त्यांसकट.

सर आले. मी पडदा दाखवला. ते उभ्यानंच बघत राहिले. आधी म्हणाले, “तुम्हारे रिपोर्ट में गड़बड़ होगी.” मी कच्चे आकडे दाखवले. त्यांना कळलं होतं. माझ्याइतकंच, कदाचित माझ्याआधी कळलं. त्यांच्या हुशारीबद्दल मला कधीच शंका नव्हती, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग आला.

“ठीक है,” ते म्हणाले. “अगले वर्जन में सुधार देंगे.”

“सर, उस आदमी को निकाल दिया है.”

“वो क्लायंट का अंदरूनी मामला है.”

“हमारे कागज पर निकाला है.”

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हसत विचारलं, “तुम्हारे ही लोगों का है ना वो?”

मी म्हटलं, “सर, पत्ता उलटा है. उसमें किसके लोग, ये कहां से आया?”

“मतलब समझो. क्लायंट को बताया कि हमारा सॉफ्टवेअर गलत है, तो कंपनी गई. छह घरों का चूल्हा है यहां. एक आदमी के लिए? और तुम उधर नहीं जाओगी. ये ऑर्डर है.”

खोलीतले बाकीचे आपापल्या पडद्यात घुसले होते. कोणी मागं वळून बघितलं नाही. मी त्यांची नावं घेत नाही, पण त्या पाठी मला अजून आठवतात.

मी पर्स उचलली आणि खाली उतरले. नगर सेवा बदलत बदलत सांवेर रोडला गेले. मार्चातलं ऊन, रस्त्यावर ट्रकांची धूळ, आणि कारखाना यायच्या आधीच सोयाबीनच्या तेलाचा तो गोडसर, मळमळवणारा वास. गेटवरच्या माणसानं मला आत सोडायला बराच वेळ लावला. मॅनेजरनं त्याहून जास्त वेळ बसवलं. बोलावलं तेव्हा बसायला सांगितलं नाही.

मी तारखेचंच उदाहरण देऊन त्याला समजावलं. तो व्यापारी डोक्याचा माणूस, पटकन समजला.

“मतलब चोर वो नहीं था,” तो म्हणाला. “तो फिर चोर कौन है?”

“चोर का पता नहीं. पर नेटवर्क तो आपका सर्व्हर अटकाता है. दोपहर में वो अपना सारा डेटा दूसरी मशीन पर कॉपी करता है. सीधे पढ़ो तो फाइल में साफ दिखता है. किसी ने टाइम वैसा रख दिया होगा.”

याचा त्याला जास्त राग आला. माणूस दोषी निघाला असता तर त्याला चाललं असतं, पण कोणीच दोषी नाही हे ऐकून घ्यायची त्याची तयारी नव्हती. त्यानं माझ्यासमोर सरांना फोन लावला. सर पलीकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण मॅनेजरनं फोन ठेवून माझ्याकडे तिरपं बघितलं.

“वो बोल रहे हैं, तुम उस आदमी की रिश्तेदार हो. झूठ बोलने आई हो.”

त्या माणसासमोर रडायचं नाही एवढं मी ठरवलं होतं. मी विचारलं, “दस नंबर की मशीन अभी किधर है?”

“स्टोर में. सील करके रखी है, सबूत है.”

“तो आज का रिपोर्ट निकालिए. हमारा प्रोग्राम आपके सर्व्हर पे अभी भी चालू है ना?”

चोर सापडला म्हटल्यावर त्यानंतर कोणी रिपोर्ट काढलाच नव्हता. मॅनेजरनं त्यांच्या ऑपरेटरला बोलावलं. आमचाच प्रोग्राम, सरांनीच बसवलेला, त्यांच्याच पीसीवर उघडला. त्या सकाळचा रिपोर्ट पडद्यावर उमटला. दहा नंबर, निळा पट्टा, टोकापर्यंत.

ऑपरेटर म्हणाला, “साहब, वो मशीन तो स्टोर में है. तार भी मैंने ही निकाला था.”

मॅनेजरनं पडदा बंद करायला सांगितला आणि मला म्हणाला, “ठीक है, आप जाइए.” पाणीसुद्धा विचारलं नाही.

ऑफिसात परतले तर माझं टेबल रिकामं करून ठेवलेलं. डबा, पेन, एक स्वेटर, सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत. पिशवी दारात. सर आत होते, बाहेर आले नाहीत. मी पिशवी घेतली नाही. ती तिथंच राहू दिली आणि स्वेटरसाठी पुढचा हिवाळाभर आईची बोलणी खाल्ली.

कारखान्यानं काकांकडे एक चपराशी पाठवला. सोमवारपासून या, एवढाच निरोप. चूक झाली, असं कोणी म्हटलं नाही, ना तोंडानं ना कागदावर. काका गेले नाहीत. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ते दारातच उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत.

“तू गेलीस तिकडं, कळलं मला,” ते म्हणाले. “तुझे बाबा सांगून राहिले होते.”

“काका, जा ना तुम्ही कामावर. आता सगळ्यांना माहीत झालंय.”

“काय माहीत झालंय? डबा उघडला तेव्हा सगळी पाळी बघत होती. आता कोण सगळ्यांना बोलावून सांगणार?” मग ते म्हणाले, “तुझ्यावर राग नाही माझा. पण तुला बघितलं की तो कागद दिसतो. काय करू?”

नंतर ते बेटम्याला एका बियाण्याच्या दुकानात कामाला लागले. सकाळच्या बसनं जायचे, अंधार पडता पडता यायचे. रस्त्यात भेटले तर मान हलवायचे. इंजिनिअरसाहेब मात्र पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

बाबांनी माझं कौतुक केलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तसं झालं नाही. मला काढल्याचं कळल्यावर ते म्हणाले, “चला, आता दोघं बसू घरी.” आणि दुसरी खुर्ची आणून दारापाशी टाकली. मी त्या खुर्चीवर बसले नाही. आठवडाभर आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही, आणि मग भाजीत मीठ जास्त झालं म्हणून कडाडून भांडलो. त्यांनी मिलचा, सरकारचा, कॉम्प्युटरचा, जगाचा सगळा राग त्या भाजीवर काढला, मी सरांचा काढला. आईनं कढई उचलून मोरीत ठेवली आणि शेजारणीकडे जाऊन बसली.

मला राजेंद्र नगरात एका क्लासमध्ये शिकवायचं काम मिळालं. पुढे बरी नोकरीही मिळाली, पुढे आणखी बरी. सरांची कंपनी बुडाली नाही. त्यांनी ती चूक गुपचूप सुधारली, नवं वर्जन काढलं, आणि बाजार मोकळा झाल्याचा जो काही फायदा व्हायचा तो त्यांना झाला.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नात ते दिसले. केस पांढरे, अंगावर उंची कोट, भोवती तरुण मुलांचा घोळका. हातात ताट, आणि गोष्ट सांगणं चालू. मी पुलाव वाढून घेत होते, तेव्हा ती माझ्या कानावर पडली. शुरू के दिनों की बात है, कॅप्चर फाइल उलटी पढ़ते थे, पूरी फॅक्टरी में एक ही मशीन दिखती थी, क्लायंट ने बेचारे अकाउंटंट को चोर समझ लिया! फिर मैंने रात-रात बैठकर बग पकड़ा. मुलं पोट धरून हसत होती.

मी ताट घेऊन त्या घोळक्यात जाऊन उभी राहिले. त्यांनी मला ओळखलं, आणि ओळखल्याचं लपवायला त्यांना जमलं नाही.

“सर, बग आपने नहीं पकड़ा था,” मी म्हटलं. “आपने छुपाया था. और वो बेचारा अकाउंटंट हमारी गली में रहता था. उसकी थैली गेट पर सबके सामने खुलवाई गई. डब्बा भी. आपको पता था कि वो बेकसूर है, फिर भी आपने फोन पर मुझे झूठा बताया. ये भी सुनाइए इनको.”

हसणं थांबलं. सरांनी ताटातला घास उगाच इकडून तिकडे फिरवला, “पुरानी बातें हैं” असं पुटपुटले आणि दुसऱ्या टेबलाकडे गेले. मुलं हळूहळू पांगली. मी तिथंच उभी राहून माझं जेवण पूर्ण केलं.